सुजेचा लगाम आणि घरातली ‘पुडी’

विळीवर भाजी चिरताना बोट कापतं. थोड्या वेळात ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकू लागते. या चार खुणा दिसल्या की आपण घाबरतो. खरं तर ही सूज आपल्याच बाजूची आहे. जखमेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, जंतूंना गाठतात आणि मेलेल्या पेशींची साफसफाई करतात. यालाच आम्ही डॉक्टर तीव्र दाह म्हणतो.

मात्र हे काम आटोक्यात राहिलं पाहिजे, नाहीतर चांगल्या पेशींचीही हानी होते. तो लगाम धरण्यात मोठा वाटा कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा असतो. दाह मोठा असेल तर तिथल्या पेशींनी सोडलेली रसायनं मेंदूपर्यंत वर्दी पोहोचवतात. मेंदू पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल रक्तात सोडतात. ते पेशीत शिरून दाह वाढवणाऱ्या रसायनांची निर्मितीच कमी करतं. पुरेसं कॉर्टिसॉल झालं की मेंदू मागणी थांबवतो. एरवीही ते पहाटे वाढतं, सकाळी सर्वाधिक असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी.

औषध म्हणून याची ताकद 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये दिसली. डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका रुग्ण महिलेला याच कुळातलं कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. 1950 मध्ये हेंच आणि याच संप्रेरकांवर संशोधन करणारे केंडाल व राइशस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण दीर्घकाळ घेतल्यास हेच औषध काय नुकसान करतं, हेही लवकरच कळलं.

माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या. चिकनगुनियानंतर गुडघे धरले, म्हणून कुणीतरी दिलेली ‘पुडी’ तीन महिने घेत होत्या. दुखणं पळालं, पण चेहरा गोल झाला, साखर वाढली. मग पुडी संपली आणि चारच दिवसांत त्यांनी अंथरूण धरलं. उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली गेलेला. वर्णन ऐकताच मला पुडीत स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोनसारखंच औषध, असल्याचा संशय आला. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मेंदू मागणी बंद करतो आणि ॲड्रिनल ग्रंथी सुस्तावतात. पुडी थांबली, तरी त्या लगेच जाग्या होत नाहीत. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची 5 मिलिग्रॅमची एक गोळीही शरीराच्या दिवसभराच्या कॉर्टिसॉलच्या जवळपास जाते, एवढं लक्षात ठेवा.

म्हणून काही गोष्टी पाळा.

• नाव-घटक न लिहिलेली पुडी किंवा गोळी सांधेदुखीवर घेऊ नका. आधीपासून घेत असाल तर ती घेऊन डॉक्टरांकडे या, मनाने एकदम बंद करू नका.

• डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्टेरॉइड मात्र भीतीपोटी टाळू नका. दमा, संधिवात अशा आजारांत ते मोठा आधार असतं. तीन आठवड्यांहून अधिक घेतलं असेल, तर डॉक्टर सांगतील तसंच हळूहळू कमी करा.

• शस्त्रक्रिया, अपघात किंवा मोठा ताप असेल तर ‘मी स्टेरॉइड घेतो’ किंवा ‘मागच्या वर्षभरात घेतलं होतं’ हे आधी सांगा. अशा वेळी निरोगी शरीर कॉर्टिसॉल कित्येक पटींनी वाढवतं. सुस्तावलेल्या ग्रंथींना ते जमत नाही.

• साधी जखम स्वच्छ पाण्याने धुवा. सूज पसरत गेली, लाल रेघ वर चढली, ताप आला किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर वाट पाहू नका.

आज घरातला औषधांचा डबा उघडा. नाव नसलेली एखादी पुडी सापडली, तर ती घेऊन तुमच्या डॉक्टरांना भेटा.