शिरोड्यातून इंजिनीअर: वर्षे किती, पैसे किती?

दहावीनंतर अकरावी सायन्स घ्यायचे की डिप्लोमा? वेळेचा विचार केला तर दोन्ही वाटा सारख्याच. अकरावी-बारावीची २ आणि पदवीची ४ मिळून ६ वर्षे. डिप्लोमाची ३ आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पदवीची ३, म्हणजे पुन्हा ६. खर्चात मात्र फरक पडतो, आणि तो फीपेक्षा राहण्या-जेवणामुळे जास्त.

डिप्लोमाची वाट

मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. फी वर्षाला साधारण दहा हजारांच्या आत. पुढे पदवीला सीईटी लागत नाही, डिप्लोमाचे गुण धरतात. पण शिरोड्याहून मालवणला रोज ये-जा जमण्यासारखी नाही, त्यामुळे खोली-मेसचा खर्च पंधराव्या-सोळाव्या वर्षीच सुरू होतो. अकरावी-बारावी मात्र घरी राहून होते.

पदवीचा हिशेब

खासगी महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ती प्रवेशाआधी पाहून घ्या. समजा, वर्षाला शिक्षण शुल्क ९०,००० आणि विकास शुल्क ९,००० रुपये आहे. घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर खुल्या वर्गातल्या मुलाला निम्मे शिक्षण शुल्क माफ होते. त्याला वर्षाला ५४,०००, म्हणजे चार वर्षांत २,१६,००० रुपये भरावे लागतील. याच उत्पन्नमर्यादेत आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घटकांतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विकास शुल्काचे चार वर्षांचे ३६,००० तेवढे उरतात.

आता राहणे-जेवण. महिना ८,००० धरले, तर दहा महिन्यांचे ८०,००० आणि चार वर्षांचे ३,२०,००० रुपये. म्हणजे मुलाच्या फीपेक्षाही जास्त! म्हणून पुण्या-मुंबईकडे धावण्याआधी सावंतवाडीचे यशवंतराव भोसले इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी पाहा. एसटीच्या पासवर घरून ये-जा जमली तर ही रक्कम जवळजवळ वाचते. कणकवलीजवळ हरकुळ बुद्रुकला एसएसपीएमचे महाविद्यालय आहे, पण तिथे राहावेच लागेल. गोवा हाकेवर असला तरी तिथल्या सरकारी जागांना वास्तव्याची अट असते.

सवलत हातची जाऊ देऊ नका

- प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच (कॅप) घ्या. मॅनेजमेंट कोट्याला शुल्कमाफी नाही.
- ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी शिक्षण शुल्क माफीच्या ५ टक्के जागा असतात. पर्याय भरताना शेवटी 'टी' असलेला कोड निवडावा लागतो. मात्र नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही.
- उत्पन्न, अधिवास आणि नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यांसाठी निकालाची वाट पाहू नका. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच करा.
- महाडीबीटीवर अर्ज दरवर्षी भरायचा असतो.

कर्ज आणि पुढचे शिक्षण

बँकांच्या नमुना योजनेत ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतात, पण व्याज आधीपासून चढते. जमेल तेवढे शिकतानाच भरा. एम.टेक.ला आणखी २ वर्षे लागतात. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ प्रवेश घेतल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते.

फीच्या नुसत्या आकड्याला घाबरून हुशार मुलीचे शिक्षण थांबवू नका. आधी दाखले काढा, मग सवलत वजा करून हिशेब मांडा आणि त्यानंतरच कॉलेज ठरवा.