रेकी : हात कुठे ठेवायचा आणि कुठे थांबायचं

सबमिशनच्या दिवसांत आमच्या विंगमध्ये रेकीची लाट आली होती. जपानच्या मिकाओ उसुई यांनी १९२२ साली ही पद्धत सुरू केली.

बोटं जुळलेली, तळहात किंचित खोलगट, दाब अजिबात नाही. क्रम साधारण असा : १) डोळे २) कानशिलं ३) डोक्याची मागची बाजू ४) गळा (इथे हात न टेकवता थोडा वर धरायचा) ५) छाती ६) पोटाचा वरचा भाग ७) बेंबी ८) ओटीपोट. मग पाठ, खांद्यापासून कमरेपर्यंत. प्रत्येक जागी ३ ते ५ मिनिटं.

आता आपला इंजिनिअरी प्रश्न : हातातली ही ऊर्जा जाणवते का? १९९८ मध्ये अमेरिकेतल्या 'जामा' या मेडिकल जर्नलमध्ये एमिली रोझा या शाळकरी मुलीचा प्रयोग छापून आला. रेकीसारखाच 'थेरप्युटिक टच' करणाऱ्या २१ जणांनी पडद्याआडून ओळखायचं, की तिचा हात आपल्या कोणत्या हातावर आहे. २८० पैकी १२३ उत्तरं बरोबर, म्हणजे ४४ टक्के. छापा-काटा करूनसुद्धा ५० च्या आसपास आले असते!

तरी शांत वाटतं, हे खरं. डोळे मिटून अर्धा तास पडलं आणि कुणी मायेनं हात ठेवला, तर वाटणारच. माझी आजी बीडकडची, नारायणगडाजवळच्या खेड्यातली. ताप आला की कपाळावर हात ठेवायची आणि लगेच बाबांना म्हणायची, "गाडी काढ, दवाखान्यात ने पोराला."

मी मात्र रूममेटच्या तापावर तीन दिवस नुसता हात ठेवत बसलो. निघाला टायफॉईड. आता तो बरा आहे, पण त्याचा पेपर बुडाला.

हात जरूर ठेवा. पण आधी थर्मामीटर लावा.