लंडनला निघालेल्या नातीला

पोरी, मुंबईहून लंडन किती लांब, तर साधारण ७,२०० किलोमीटर. पण प्रवास या आकड्यावर आखू नकोस, तासांवर आख.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढायला जाशील तर फसशील. पृथ्वीचा गोल घे. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धर, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताण. तो कराचीजवळून जातो, इराण ओलांडतो, काळ्या समुद्रावरून युक्रेनमध्ये शिरतो आणि पुढे जर्मनीवरून लंडन गाठतो. ७,२०० किलोमीटर ते या वाटेचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटलं आणि युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. विमानाला वळसा पडला की तास वाढतात. म्हणून तिकीट काढताना त्या विमानाचा आजचा वेळ बघ. मागे कुणाला किती तास लागले होते ते धरून चालू नकोस, मी सांगितलेलेसुद्धा.

जाताना वेळ जास्त लागतो, येताना कमी. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. तासाभराचा फरक सहज पडतो.

दुबईमार्गे जायचं का, हे नीट ठरव. मुंबई-दुबई १,९०० किलोमीटरच्या आसपास, दुबई-लंडन ५,५००. बेरीज ७,४००, म्हणजे वळसा जेमतेम दोनशे किलोमीटरचा. ‘वाटेतच तर आहे’ असं एजंट म्हणेल, ते खरंच आहे. वेळ जातो तो थांब्यात. दोन विमानांमध्ये तीन तास तरी ठेव. स्वस्त पडतंय म्हणून तासाभराचा थांबा घेऊ नकोस. आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. वेगवेगळी तिकिटं काढलीस आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात.

औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. दर दोन तासांनी उठून चाल, पाणी पीत राहा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, एरवी साडेपाच. आईला फोन करताना एवढं लक्षात ठेव.

किलोमीटरचा आकडा एका ठिकाणी मात्र उपयोगी पडतो. परत येताना लंडनहून सुटलेलं विमान कंपनीच्या दोषामुळे चार तासांहून उशिरा पोचलं, तर ब्रिटनच्या नियमाप्रमाणे ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला ५२० पौंड भरपाई आहे, कंपनी कुठल्याही देशाची असो. वादळाने किंवा धुक्याने उशीर झाला तर मिळत नाही. हे पैसे आपणहून कुणी हातावर ठेवत नाही, मागावे लागतात. तेव्हा बोर्डिंग पास घरी आल्यावरही जपून ठेव, आणि तशी वेळ आली तर कंटाळा न करता अर्ज कर.