घरातली धूळ, घरातला धूर आणि हवेची गाळणी

मुलांनो, आजच्या धड्याची सुरुवात आपल्या गावाच्या नावापासून करू. मदिनत अश शमाल म्हणजे उत्तरेचे शहर. अरबीत 'शमाल' म्हणजे उत्तर दिशा, आणि उन्हाळ्यात वायव्येकडून दिवसच्या दिवस वाहणाऱ्या वाऱ्यालाही शमालच म्हणतात. उत्तर आणि डावी बाजू यांचे शब्द अरबीत सख्खे भाऊ आहेत. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा, उत्तर डाव्या हाताला येते! आता आपल्या भाषेकडे पाहा. 'दक्षिण' या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थ 'उजवा'. देवाला उजव्या हाताशी ठेवून फिरतो, म्हणून ती प्रदक्षिणा. म्हणजे दोन्हीकडच्या लोकांनी पूर्वेकडे तोंड करूनच दिशांना नावे दिली. (हे तोंडी परीक्षेत विचारणार आहे.)

आपल्या उत्तरेला तर समुद्र. मग हा वारा धूळ आणतो कुठून? बरीचशी धूळ तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या गाळाच्या मैदानातून, म्हणजे इराककडून येते. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत तिथे एकामागून एक धुळीची वादळे झाली आणि हजारो माणसांना श्वासाच्या त्रासामुळे दवाखान्यात जावे लागले. जाड वाळू वाटेतच खाली बसते. समुद्र ओलांडून येतो तो पिठासारखा धुरळा. आजी चाळणीने चाळलेली पूड आणि वस्त्रगाळ पूड यांत फरक करते ना, तसाच हा फरक आहे. टीपॉयवर दिसते ती जाड धूळ नाकात अडकते. दिसत नाही ती वस्त्रगाळ धूळ फुप्फुसात खोल जाते.

हे कण मायक्रॉनमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, आणि पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान. धुराचे बहुतेक कण तर एका मायक्रॉनहूनही लहान असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी दिवसाची मर्यादा सुचवली, ती घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम.

धूर म्हटला की मोठ्यांना १९९१ साल आठवेल. कुवेतमध्ये सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवून दिल्या होत्या, आणि शेवटची विझली ती नोव्हेंबरात. त्या धुराने इराणमध्ये काळा पाऊस पडला. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या तुमच्या मावस-चुलत भावंडांना विचारा. ९ सप्टेंबर २०२० रोजी वणव्यांच्या धुरामुळे सॅन फ्रान्सिस्कोचे आकाश भर दिवसा नारिंगी झाले होते. आपल्याकडे वणवा पेटायला जंगल नाही. आपल्या घरातला धूर असतो तो अगरबत्तीचा, शेजारच्या बखूरचा, आणि मिरचीच्या फोडणीचा. बंद घरात तोही कमी नसतो.

आता पालकांसाठी. "एसी दिवसभर चालू असतो, मग वेगळे यंत्र कशाला?" असे पुष्कळ जण विचारतात. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो. त्यातली जाळी असते ती मुख्यतः एसीचे आतले भाग धुळीपासून वाचवण्यासाठी. तिच्यातून बारीक धूळ आणि धूर आरामात निघून जातात. तरीही ती जाळी दर पंधरा दिवसांनी, शमालच्या दिवसांत दर आठवड्याला, धुवावी. खिडकीचा एसी असेल तर बाहेरची हवा घेण्याची छोटी झडप असते, ती धुळीच्या दिवशी बंद आहे ना हे पाहावे.

यंत्राआधी फटी बुजवा. दाराखाली रबराची पट्टी, खिडकीच्या सरकत्या चौकटीला ब्रशची पट्टी, एवढ्यानेच बराच फरक पडतो आणि खर्च थोडा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा फोडणीच्या वेळी जरूर लावा, पण धुळीच्या दिवशी काम झाले की बंद करा. तो जितकी हवा बाहेर फेकतो तितकीच फटींतून आत ओढली जाते, धुळीसकट. आणि कोरडा झाडू नको; ओले फडके घ्या.

यानंतर यंत्र. खोक्यावर 'हेपा' असा शब्द शोधा. 'हेपासारखा' असे लिहिले असेल तर खोके परत ठेवा. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९५ टक्के कण अडवतो, अमेरिकेत ९९.९७ टक्क्यांचे माप आहे. मुलांनो, इथे एक गंमत आहे. हेपा म्हणजे बारीक भोकांची चाळणी नव्हे, ते तंतूंचे दाट जंगल असते. मोठा कण वळणावर वळू शकत नाही आणि तंतूवर आपटतो. अगदी लहान कण हवेत थरथरत, भरकटत जातो आणि कुठेतरी चिकटतोच. सगळ्यांत अवघड मधला, ०.३ च्या आसपासचा, म्हणून परीक्षा त्याचीच घेतात.

हेपा वायू आणि वास अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो; नुसती काळी जाळी पुरत नाही. आयोनायझर किंवा ओझोन सोडणारी यंत्रे मात्र घेऊच नयेत, कारण ओझोन फुप्फुसांना त्रासदायक आहे.

दुसरा आकडा सीएडीआर, म्हणजे यंत्र मिनिटाला किंवा तासाला किती स्वच्छ हवा देते. हिशेब सोपा आहे. खोली १० बाय १२ फूट, म्हणजे १२० चौरस फूट. याच्या दोन तृतीयांश, ८० घनफूट दर मिनिटाला, हे नेहमीसाठी किमान. दाट धुराच्या दिवसांसाठी पूर्ण १२० हवे. आकडा तासाच्या घनमीटरमध्ये असेल तर घनफुटाला १.७ ने गुणा: १२० चे झाले २०४. छत आठ फुटांपेक्षा उंच असेल तर आणखी मोठे यंत्र घ्या.

यंत्र घेण्याआधी बदलीचा फिल्टर कुठे आणि केवढ्याला मिळतो ते विचारा. आपल्याला त्यासाठी शंभरेक किलोमीटर दोहाला जावे लागणार, आणि इथल्या धुळीत फिल्टर लवकर भरतो. बाहेरची जाळी आठवड्याला साफ करावी. हेपा मात्र धुवायचा नसतो.

घरात एकच यंत्र परवडत असेल तर ते दिवाणखान्यात पाहुण्यांसाठी नको. दम्याचे मूल ज्या खोलीत झोपते तिथे ठेवा, दार लावून रात्रभर चालवा. डॉक्टरांनी दिलेला पंप त्यामुळे बंद करायचा नाही. यंत्र औषधाची जागा घेत नाही.

शब्दार्थ: वस्त्रगाळ – कापडातून गाळलेले, वणवा – रानातली पसरणारी आग, धुरळा – हवेत उडणारी बारीक धूळ, झडप – हवा आत येऊ देणारे, उघडझाप होणारे छोटे दार.

करून पाहा: दोन बशांना पांढरा कागद लावून त्यावर व्हॅसलीनचा पातळ थर द्या. एक बशी दाराजवळ आणि एक आतल्या खोलीत तीन दिवस ठेवा. भिंगातून पाहून दोन्हींतला फरक पाच ओळींत लिहून पुढच्या वर्गाला आणा. आपल्या खोलीचा सीएडीआर काढून त्याच कागदामागे लिहा. आकडेमोड दाखवणे आवश्यक.