कंबरेचं माप आणि बाकीचं

तारनाका, हैदराबाद

ओंकार,

वहिनीचा, म्हणजे तुझ्या आईचा, फोन आला होता. तुझ्या कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीवर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असं आलं, तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नाही. आणि तू? तू म्हणे त्याच आठवड्यात प्रोटीन पावडरचा मोठा डबा, यकृत ‘साफ’ करणारं सिरप, पावलं मोजणारं घड्याळ आणि जिमचं वर्षभराचं सदस्यत्व एवढं सगळं घेऊन मोकळा झालास. ‘वन्सं, तुम्ही सांगा त्याला, तुमचं ऐकेल,’ असं वहिनी म्हणाली. मी उभी हयात रुग्णालयाच्या आहार विभागात काढली, तेवढ्या अधिकारावर लिहिते. या दुखण्यावर दुकानातून आणण्यासारखं जवळपास काहीच नाही, आणि नेमकी तीच गोष्ट तुमच्या पिढीला पटवणं अवघड जातं.

आधी रिपोर्टविषयी. चरबी साठलेलं यकृत सोनोग्राफीत नेहमीपेक्षा पांढरट, उजळ दिसतं. त्या उजळपणावरून ग्रेड लिहितात. पहिली ग्रेड म्हणजे यकृत बिघडलं असं नव्हे. वजन उतरवलं तर बहुतेकांचं ते पूर्ववत होतं. पण ‘ऑफिसात सगळ्यांनाच आहे’ असं तू वहिनीला सांगितलंस, ते मात्र मला रुचलं नाही. बहुतेकांना आहे हे खरंच आहे. २०२५ मध्ये हैदराबाद विद्यापीठाच्या संशोधकांनी एआयजी रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या साथीने या शहरातले ३४५ आयटी कर्मचारी तपासले, तेव्हा ८४ टक्क्यांच्या यकृतात चरबी निघाली आणि ७१ टक्के लठ्ठ निघाले. ३४५ माणसं म्हणजे सारी हायटेक सिटी नव्हे, हे मलाही कळतं. तरी अभ्यासात जी कारणं पुढे आली ती तुझी दिनचर्या पाहून लिहिल्यासारखी आहेत: तासन्‌तास खुर्ची, पाळ्यांचं काम, अपुरी झोप, ताण, अवेळी खाणं. दहातल्या आठांना झालं म्हणून ते दुखणं राहत नाही असं थोडंच आहे!

‘मी जाडा कुठे आहे’ हा तुझा दुसरा मुद्दा. हात-पाय बारीक, चेहरा उतरलेला, फक्त पोट थोडं पुढे. नेमकी हीच आपली ठेवण आहे रे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडसडीत! याज्ञिकांच्या पुण्यातल्या अभ्यासात तर ही गोष्ट जन्मापासूनच दिसली. तिथली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी, सरासरी २.७ किलोची. कमी पडले होते ते स्नायू. चरबी त्या मानाने शाबूत होती. म्हणून आपल्या लोकांसाठी बीएमआयची रेघ २५ वर नाही, २३ वरच ओढतात. तुझं वजन ७६ आणि उंची पाच फूट सात इंच, म्हणजे तू ती केव्हाच ओलांडलीस.

पण वजनकाट्यापेक्षा मला तुझ्या कंबरेचं माप हवं आहे, आणि ते पँटच्या नंबरावरून सांगायचं नाही. पँट तू पोटाखाली घालतोस. शिंप्याकडची टेप घे. सकाळी अनशापोटी, अंगात काही न घालता आरशासमोर उभा राहा. कुशीला बोट लावून शेवटची बरगडी चाचप, मग खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचप, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप लाव. ती मागे वर चढलेली नसावी, सगळीकडून आडवी असावी, कातडीला टेकावी पण रुतू नये. श्वास सहज सोड आणि तेव्हाच आकडा बघ. पोट आत ओढायचं नाही, सगळे ओढतात. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० ही आपली मर्यादा. तुझा आकडा कागदावर लिही आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटव. पुढे महिन्यातून एकदा मोजलंस की पुरे. रोज काट्यावर उभं राहून मन खट्टू करून घेऊ नकोस, पाण्याच्या चढउतारानेच किलोभर इकडे-तिकडे होतं.

वजन किती उतरवायचं याचाही हिशेब सोपा आहे. पाच टक्के उतरलं, म्हणजे तुझ्या बाबतीत चारेक किलो, की यकृतातली चरबी कमी होऊ लागते. सात ते दहा टक्क्यांपर्यंत गेलास तर यकृताला सूज असेल तीही ओसरते. आठवड्याला अर्धा किलो, त्याहून घाई नको. झपाट्याने उपाशी राहून वजन पाडलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि आधीच थोडे असलेले स्नायू झिजतात.

आता खाण्याकडे येते. मी राहते तिथून राष्ट्रीय पोषण संस्था हाकेच्या अंतरावर. १९१८ मध्ये कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीसाठी एका खोलीत सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली. २०२४ मध्ये तिने भारतीयांसाठी आहाराची १७ सूत्रं नव्याने काढली. त्यात तुझ्या डब्याची दखल आहे बरं का: प्रोटीनची पूरकं टाळा, असं स्वच्छ लिहिलंय. दिवसाच्या ताटाचा नमुनाही दिलाय. दोन हजार कॅलरींसाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४००, फळं १००, दूध-दही ३०० मिलिलिटर, तेल २७ ग्रॅम. तू बसून काम करणारा आणि वजन उतरवणारा, म्हणून धान्य आणि तेल याहूनही हात आखडून घे. ग्रॅम मोजत बसू नकोस. ताटाचा निम्मा भाग भाजी-फळांचा दिसला पाहिजे, एवढंच बघ. तुझ्या ताटात निम्म्याहून जास्त भात असतो आणि भाजी म्हणजे बिर्याणीवरचा तळलेला कांदा.

संध्याकाळी हब्सिगुड्याकडे गेलं की रस्त्याच्या कडेला बाया शेगडी मांडून जोन्ना रोट्टे करताना दिसतात. आपलीच ज्वारीची भाकरी. पीठ उकळत्या पाण्यात भिजवलेलं, थापताना दोन्ही तळवे असे फिरतात की कड कुठे फाटत नाही. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, मग उलटून थेट आचेवर, टम्म फुगेपर्यंत. भोवती मोटारसायकली लावून लोक थांबलेले असतात, बहुतेक साखरेचा आजार असलेले. तुमच्या कोंडापूरलाही अशी गाडी असणारच, शोध. पण ज्वारीलाही देव्हाऱ्यात बसवू नकोस. हल्ली भरड धान्यांचा बोलबाला एवढा झाला आहे की ज्वारीची बिस्किटं, ज्वारीचे नूडल्स यांनाही औषध समजतात. १९६० च्या सुमारास याच संस्थेतल्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांना या भागातल्या गरीब मजुरांत पेलाग्रा दिसला होता. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलवटायची, जुलाब लागायचे, माणूस भ्रमिष्ट व्हायचा. ती माणसं ज्वारीवरच जगत होती. सोबत डाळ नाही, दूध नाही, भाजी नाही. धान्य कुठलंही असो, ते एकट्याने खायची गोष्ट नाही. भाकरीबरोबर घट्ट वरण, पालेभाजी आणि वाटीभर दही घे. अंडं चालतं, मासे चालतात, कोंबडीही चालते, तळलेली नको. भात अगदी सोडू नकोस, एका वेळी एक मूद.

रैतू बाजारला शनिवारी सकाळी गेलास तर पालेभाज्यांचे ढीग बघून डोळे निवतील. गोंगुरा म्हणजे अंबाडी, तोटकूर म्हणजे माठ, चुक्काकूर म्हणजे चुका, बच्चलीकूर म्हणजे मायाळू. आजी करायची त्या सगळ्या भाज्या इथे आहेत. निवडायला वेळ लागतो हे मान्य. दोन जुड्या निवडेपर्यंत एखादा मालिकेचा भाग बघ.

साखरेबद्दल मी जरा सक्तीने बोलणार आहे. आमचं हैदराबाद चहाने बिघडलेलं आहे. इराणी चहा गोडच असतो आणि सोबत उस्मानिया बिस्किट, म्हणजे मैदा, साखर आणि तूप किंवा डालडा. एका कपात दोन चमचे धरले तरी दहा ग्रॅमच्या आसपास साखर जाते. चार कप झाले की चाळीस. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर बरं, असं म्हणते. आणि जादा साखरेपासून चरबी बनवायचा कारखाना यकृतातच असतो. चहा सोड म्हणत नाही, या शहरात राहून ते व्हायचं नाही. आठवड्याला अर्धा चमचा साखर कमी करत जा, महिन्याभरात जीभ वळणावर येते. फळांचे रस आणि थंड पेयं मात्र आजपासून बंद. आणि शनिवारची ती बीअर. तुझं यकृत आधीच चरबीच्या ओझ्याखाली आहे, त्यावर दारू चालत नाही, थोडीसुद्धा.

जिमला माझा विरोध नाही, पण वर्षाचे पैसे एकदम भरणारे बहुतेक लोक महिन्या-दोन महिन्यांत दिसेनासे होतात. जिमवाल्यांचा धंदाच त्यावर चालतो. तू जाणार असलास तर उत्तम, पट्ट्यावर धावण्याआधी वजनं उचलायला शीक. आपल्याकडे स्नायूच कमी, आणि जेवणातली साखर रक्तातून ओढून घेणारे मुख्य तेच. जिम जमलं नाही तर घरी जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार. औंधच्या पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार रुजवले ते काही वेड म्हणून नव्हे. आठवड्यातून दोन दिवस असा ताकदीचा व्यायाम आणि दीडशे मिनिटं झपाझप चालणं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने. आमच्याकडे उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात पहाटे अर्धा तारनाका चालायला लोटतो (कुत्रीही असतात, काठी ठेवावी). तुझ्याकडे बोटॅनिकल गार्डन आहे. नानकरामगुड्याच्या बाजूला रिंग रोडला लागून सौर छपराचा २३ किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. एप्रिल-मेमध्ये मात्र सात-साडेसातच्या आत परत, नंतरचं ऊन सोसत नाही.

आणि दीडशेतली रोजच्या वाट्याची मिनिटं मोजून उरलेला दिवस खुर्चीत घालवलास तर फार पदरात पडणार नाही. तासाला एकदा उठ, पाणी पिऊन ये, फोनवरचं बोलणं चालत कर. दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटं फिर. या एका सवयीने जेवणानंतरची साखर खाली राहते, आणि तिला ना बूट लागतात ना घड्याळ. वहिनीला मधुमेह आहे, तुझ्या आजोबांना होता, म्हणून तुला हे दुप्पट महत्त्वाचं.

सगळ्यात कठीण आहे ती रात्र. अमेरिकेची सकाळ म्हणजे तुझी रात्र, हे तुझ्या हातात नाही. पण साडेदहाचा कॉल असला तर जेवण आठला होऊ शकतं, अकराला मोबाइलवरून मागवलेली बिर्याणी कॉलमुळे येत नाही. साहेबाशी बोलून आठवड्यात निदान काही दिवस उशिराच्या बैठका टाळता येतात का बघ. झोप सात तासांची हवी. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी भूक खवळते आणि गोड-तळलेलंच खावंसं वाटतं. यात मनाचा दुबळेपणा नाही, शरीराचं रसायन आहे.

त्या सिरपचं काय करायचं ते सांगते: उघडू नकोस. वनस्पतींचं आहे म्हणून निरुपद्रवी असतं, हा मोठा भ्रम. करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. वाद मिटेपर्यंत आधीच दुखऱ्या यकृतावर आपण प्रयोग कशाला करायचा? कुठलंही चूर्ण, काढा किंवा गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचार.

डॉक्टरांकडे मात्र जायचंच आहे. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, यकृताची एन्झाइम्स आणि रक्तदाब एवढं बघून ते पुढचं ठरवतील. यकृत ताठर झालंय का हे पाहणारी फायब्रोस्कॅन तपासणी लागली तर तेच सांगतील, तू आपल्या मनाने करून येऊ नकोस. सहा महिन्यांनी पुन्हा सगळं तपासू.

या रविवारी ये. रायदुर्गला मेट्रोत बसलास की गाडी न बदलता तारनाक्याला उतरशील. स्टेशनापासून रिक्षा करायची नाही, चालत ये. रिपोर्ट कागदावरचे आण, मोबाइलमधली अक्षरं मला दिसत नाहीत. बाराला पानं घेते. आणि आज रात्री वहिनीला स्वतः फोन कर, निरोप माझ्याकरवी नको.

तुझी,
आत्या