अल्पायुषी अंकांचे हसू : लघुनियतकालिकांची नावे आणि त्यांतील विनोद

मराठी साहित्याच्या इतिहासात लघुनियतकालिकांच्या चळवळीची नोंद बहुधा 'बंडखोरी', 'संताप' आणि 'प्रस्थापितविरोध' या तीन संज्ञांच्या आधारे केली जाते. या संज्ञा चुकीच्या नाहीत. परंतु त्यांच्या भारामुळे एक गोष्ट दृष्टीआड होते. हे अंक काढणारे तरुण रागावलेले होते तितकेच ते हसतही होते. प्रस्तुत लेखात या हसण्याचे स्वरूप पाहावयाचे असून त्यासाठी एकच मर्यादित साधन निवडले आहे : या अंकांची नावे.

प्रथम घटनाक्रम लक्षात घेऊ. १९५५ च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढले. तेव्हा चित्रे (जन्म १९३८) नुकतेच शाळेबाहेर पडलेल्या वयाचे होते. कोलटकर कलाशिक्षण घेत होते. 'शब्द' १९६० पर्यंत टिकले. १९६१ मध्ये अशोक शहाणे यांनी 'अथर्व' काढले. त्याचा एकच अंक निघाला. त्यानंतर १९६३ ते १९६५ या काळात 'असो' निघाले. भालचंद्र नेमाडे यांचे नाव 'वाचा'शी, राजा ढाले यांचे 'येरू' आणि 'तापसी'शी, तर चंद्रकांत खोत यांचे 'अबकडइ'शी निगडित आहे. 'फक्त', 'भारूड', 'आत्ता' ही आणखी काही नावे. यांतील बहुतेक मंडळी महाविद्यालयात शिकत होती किंवा नुकतीच तेथून बाहेर पडली होती. तथापि कोणत्याही महाविद्यालयाचा वा विद्यापीठाचा आश्रय या अंकांना नव्हता.

आश्रय नसणे ही बाब महत्त्वाची आहे. विद्यार्थ्यांचे विनोदी नियतकालिक अल्पायुषीच असते, असा काही नियम नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १८७६ मध्ये सुरू केलेल्या 'लॅम्पून'ला स्वतःची वास्तू आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे. विनोदाला संस्थेचे छप्पर मिळाले की तो टिकतो; मात्र त्याच छपराखाली तो घरचाही होतो. मराठी तरुणांनी छप्पर नाकारले. चक्रमुद्रणाच्या यंत्रावर, म्हणजे सायक्लोस्टाइलवर, मेणकागद कापून थोडक्या प्रती काढणे त्यांना परवडत होते. पुढचा अंक केव्हा निघेल याचे वचन त्यांनी दिले नाही. 'अनियतकालिक' ही संज्ञा या प्रकाशनांना लागली, आणि तिच्यातच एक थट्टा आहे : नियतकालाला नकार देणारे नियतकालिक.

आता नावांकडे वळू. मराठी नियतकालिकांच्या नामकरणाची एक भारदस्त परंपरा आहे. 'ज्ञानोदय', 'विविधज्ञानविस्तार', 'निबंधमाला', 'मनोरंजन', 'रत्नाकर', 'अभिरुची', 'सत्यकथा' ही नावे वाचकाला काहीतरी देऊ करतात : ज्ञान, रंजन, रुची, सत्य. ती बहुतांशी संस्कृत नामे किंवा सामासिक पदे आहेत. 'शब्द' आणि 'अथर्व' ही नावेही अद्याप त्याच कुळातली म्हणता येतील, जरी 'अथर्व'मध्ये चौथ्या वेदाची, म्हणजे त्रयीबाहेर राहिलेल्याची, निवड सूचक आहे. 'असो'पासून मात्र कुळच बदलते.

'असो' हे नाम नव्हे. पत्रात, प्रवचनात किंवा गप्पांत एक विषय आटोपता घेऊन पुढे जाण्यासाठी आपण जो उद्गार काढतो, तो नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आला. ज्या शब्दाने बोलणे संपवायचे त्याच शब्दाने ते सुरू केले, यातच विनोद आहे. 'फक्त' आणि 'आत्ता' ही क्रियाविशेषणे. ज्याला ती लागायची ते क्रियापद वाचकाने शोधायचे. 'अबकडइ' म्हणताच प्रश्नपत्रिकेतील उपप्रश्नांची आणि पर्यायांची अक्षरे आठवतात. परीक्षेला बसणाऱ्या पिढीलाच ते नाव सुचावे. 'वाचा' दुहेरी आहे : परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी या मालिकेतील 'वाचा' आणि दुकानदाराने ओरडावी तशी साधी आज्ञा, 'वाचा!'

'येरू' हे नाव तर भाषेच्या इतिहासाशीच खेळते. जुन्या मराठीत 'येर' म्हणजे दुसरा, इतर. बोलीत 'येरू' म्हणजे गावंढळ, बावळट माणूस. 'येरागबाळा' हा शब्द आपण आजही वापरतो. जो 'इतर' ठरवला गेला तोच 'अडाणी' ठरतो, हा सामाजिक निवाडा त्या एका शब्दात साठलेला आहे. राजा ढाले यांनी ते नाव स्वतःच्या अंकाला लावले, तेव्हा शिवी ही ओळख झाली. 'भारूड'मध्येही लोकपरंपरेतील सोंगाचे आवाहन आहे. एकनाथांच्या भारुडांतही वेडगळ वाटणारे पात्रच शहाणपण सांगते.

या नामकरणाचा आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कोसला'चा संबंध जोडून पाहिला पाहिजे. पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातील खेड्यातून पुण्यात शिकायला आलेला विद्यार्थी. त्याच्या निवेदनात 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' हे शब्द जागोजाग येतात. व्याकरणात ज्यांना दुय्यम स्थान, असे हे शब्द वाक्याच्या गांभीर्याला आतून पोखरतात. 'असो', 'फक्त', 'वगैरे' हे सर्व एकाच भाषिक थरातील आहेत : बोलण्याच्या कडेला पडलेले, निबंधात गुण न मिळवून देणारे शब्द. त्यांना मध्यभागी आणणे हा या पिढीच्या विनोदाचा मुख्य व्यापार होय, असे म्हणता येईल. शहाणे यांच्या १९६३ मधील 'मनोहर'मधल्या गाजलेल्या लेखाच्या शीर्षकातील 'क्ष' किरणाची कल्पना किंवा नेमाडे यांनी रूढ केलेला 'लेखकराव' हा शब्द त्याच वृत्तीचे दाखले होत. 'राव' या एका आदरार्थी प्रत्ययाने येथे टीकालेखाचे काम केले आहे.

मग हे अंक लवकर का बंद पडले? पैशाची चणचण आणि संपादकांच्या नोकऱ्या ही कारणे खरीच. पण ती पुरेशी नाहीत. एक कारण यशात आहे. 'कोसला' देशमुख आणि कंपनीसारख्या प्रतिष्ठित प्रकाशनाने काढली. अंकांची भाषा अल्पावधीत ग्रंथांची भाषा झाली. दुसरे कारण विनोदाच्या मर्यादेत आहे. १९६९ मध्ये 'सत्यकथे'ची होळी करण्यात आली, तेव्हा त्या कृतीत शिमग्याच्या सोंगाचा अंश होता. परंतु जातीच्या प्रश्नाला सोंग पुरत नाही. १९७२ मध्ये दलित पँथरच्या स्थापनेत ढाले अग्रभागी होते, आणि 'येरू'प्रमाणेच 'विद्रोही' हेही त्यांच्याच एका नियतकालिकाचे नाव आहे. या दोन नावांमधले अंतर म्हणजे थट्टा आणि मागणी यांमधले अंतर होय. शिवाय वर उल्लेखिलेले सर्व संपादक पुरुष आहेत, हेही या हसण्याचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही.

या विवेचनाचा अध्यापनाशी संबंध आहे. आपण 'कोसला' शिकवतो, पण ज्या कागदांच्या शेजारी ती जन्मली ते कागद विद्यार्थ्यांच्या हाती क्वचितच पडतात. चक्रमुद्रित कागद पिवळा पडतो, शाई विरते, आणि क्रमांक व दिनांक नसलेला अंक ग्रंथालयाच्या नोंदवहीत बसत नाही. हे केवळ मुंबईपुरते नाही. बागलाण तालुक्यातील नामपूरसारख्या गावात, जेथे घरची बोली अहिराणी आणि वर्गातली मराठी ग्रांथिक, तेथे 'येरू' या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागत नाही. अशा महाविद्यालयांतील भित्तिपत्रके आणि हस्तलिखिते, त्यांतील शिक्षकांवरची विडंबने आणि वसतिगृहाच्या जेवणावरची कवने वर्षाखेरीस टाचण्या काढून फेकली जातात. त्यांचे दिनांकासह जतन करणे हा पदव्युत्तर वर्गाला सहज करता येण्याजोगा प्रकल्प आहे.

अल्पायुष्य हा या अंकांचा दोष नव्हता. ती त्यांची प्रकृती होती. दोष घडलाच तर तो त्यांची नोंद ठेवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते त्यांच्याकडून, म्हणजे अभ्यासकांकडून घडेल.