काजूचा हंगाम आणि कडक ऊन

फेब्रुवारीअखेर पेडणे व डिचोलीच्या डोंगरांवर काजूची बोंडे पडू लागतात आणि मे महिन्यापर्यंत लहानथोर सारे बागायतीत राबतात. नेमके हेच दिवस कडक उन्हाचे. २०२३ साली मार्चच्या ९ व १० तारखेला उष्णतेच्या लाटेमुळे गोव्यातील शाळा दुपारी बाराच्या आत सोडाव्या लागल्या. शेतकऱ्याला मात्र अशी सुट्टी नाही. म्हणून उन्हापासून त्वचेचे रक्षण कसे करावे, ते आम्ही येथे देत आहोत.

त्वचा भाजते ती उन्हातील अतिनील किरणांनी. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत व गरमही लागत नाहीत. त्यामुळे वारा असला किंवा आभाळ आले म्हणजे आपण फसतो. सावळ्या रंगामुळे थोडे रक्षण होते, पण पुरेसे नव्हे.

सावलीचे माप : उघड्यावर उभे राहून आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीहून आखूड असेल तर किरण कडक आहेत असे समजावे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे साधारण सकाळी दहापासून दुपारी साडेतीनपर्यंत अशी स्थिती असते. बोंडे पहाटे वेचावीत. बिया वेगळ्या करण्याचे काम सावलीत बसून करावे.

कपडा : घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा उत्तम. कपडा उजेडाकडे धरून पाहावा. पलीकडचे स्पष्ट दिसत असेल तर तो विरळ आहे. डोक्यावरचा टॉवेल कान व मानेवरून खाली सोडावा.

मलम : खोबरेल तेलाने पुरेसे संरक्षण होत नाही. एस.पी.एफ. ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन उन्हात जाण्यापूर्वी वीस मिनिटे लावावे व दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

रस व औषधे : काजूच्या टरफलाचे तेल त्वचा जाळते. लिंबाचा रस अंगावर राहून त्यावर ऊन पडले तरी फोड येतात व काळे डाग राहतात. म्हणून हात साबणाने धुवावेत. डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या चालू असताना त्वचा लवकर भाजते, डॉक्टरांना विचारावे.

त्वचा भाजल्यास : थंड पाण्याची पट्टी ठेवावी, बर्फ लावू नये. फोड फोडू नयेत, टूथपेस्ट लावू नये. भरपूर पाणी प्यावे. उन्हातून आल्यावर दारू घेऊ नये. अंग फार तापून माणूस बरळू लागला तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे व ताबडतोब इस्पितळात न्यावे. महिनाभर न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवावी.

शेवटी बागायतदारांना एक विनंती. मजुरीवर येणारी बाई दुपारी विसावा मागायला कचरते. तेव्हा कामाची वेळ आपणच पहाटेकडे सरकवावी आणि दुपारच्या विसाव्याचे पैसे कापू नयेत.